निखाडे बाईंच्या डब्या

निखाडे बाई कुणाच्याही घरी गेल्या की हाताशी येईल ती डबी आधी उचलायच्या, कानाशी नेऊन हलवायच्या आणि मगच बसायच्या. डबी औषधाच्या गोळ्यांची असो, सुपारीची असो की देवापुढची अष्टगंधाची, त्यांना फरक पडत नसे. आत काही खुळखुळलं की कपाळाला आठी पडायची. "जागा जास्त, माल कमी," असं म्हणून त्या डबी होती तिथे ठेवून द्यायच्या. नव्या माणसाला वाटायचं, बाईंना काही उचलायची खोड आहे की काय. जुन्यांना ठाऊक होतं की बाईंची सगळी नोकरीच डब्या हलवून ऐकण्यात गेली आहे.

माझ्याकडे त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा आम्ही या कॉलनीत नुकतेच राहायला आलो होतो. त्यांचं घर आणि आमचं घर यांत एकच भिंत. मी साड्यांना फॉल लावायचं काम घरी करते. मशीनवर माझी पितळी डबी होती, आईनं लग्नात दिलेली, फिरकीच्या झाकणाची, मुठीहून थोडी मोठी. तिच्यात मी हुकं आणि बटणं ठेवायची. बाईंनी जवसाच्या चटणीची वाटी माझ्या हातात दिली, डबी उचलली आणि कानाशी धरून वाजवली.

"अर्धी रिकामी आहे. इतक्या मोठ्या डबीत एवढीशी हुकं काहून ठेवते?"

नव्या माणसापुढे मला बोलता येत नाही. लहानपणापासून तसंच आहे. शब्द आतच राहतात. माझं माहेर पांढुर्ण्याकडचं. गावातली मराठी शाळा चौथीपर्यंतच होती आणि त्या चार वर्षांत गुरुजींनी माझा आवाज ऐकला असेल तो हजेरीपुरता. बाईंच्या प्रश्नावर मला नुसतं हसू आलं.

"अच्छा, हसते तर! मला वाटलं मुकी आहे. चलो, काम चालेल."

काय काम चालणार होतं ते मला नंतर कळलं.

बाई ठेंगण्या आणि काटक होत्या. पांढऱ्या केसांचा सुपारीएवढा बुचडा, नाकात चमकी, आणि बोटं मात्र अंगाला न शोभणारी लांब, टोकाला निमुळती. त्यांचे यजमान तरणेपणीच गेले. त्यांच्या जागी बाईंना दारूगोळ्याच्या फॅक्टरीत घेतलं आणि तिथून त्या म्हाताऱ्या होऊनच बाहेर पडल्या. तोफेच्या गोळ्याच्या नाकावर जो लहानसा पुर्जा बसतो, त्याच्या विभागात त्या होत्या. हेही मला आमच्या ह्यांनी सांगितलं, कारण हे त्याच फॅक्टरीत दुसऱ्या विभागात आहेत. बाईंना विचारलं तर त्या एवढंच सांगायच्या, "सरकारी काम. डब्या भरत होते."

बोटभर नळकांड्यात स्प्रिंगा, खिळे, चकत्या बसवायच्या, वरून मसाला ओतून तोंड बंद करायचं, आणि कानाशी हलवून पाहायचं. आवाज आला तर बाद. नाही आला तर पास. इतकी वर्षं हे केल्यावर रिकामी जागा त्यांना सहनच होत नसे. त्यांच्या स्वयंपाकघरात डाळीचा डबा थोडा उणा झाला की डाळ लगेच लहान डब्यात जायची. मुलगा बंगलोरहून यायचा तेव्हा म्हणायचा, "आईच्या घरी पाहुणा जास्त दिवस राहिला तर आई त्यालाही लहान खोलीत हलवते."

नोकरी संपली तरी हात थांबेनात. खिडकीशी एक टेबल, त्यावर दिव्याचं भिंग, डाग देण्याची कावी आणि चिमट्यांचा जुडगा. कॉलनीतले रेडिओ, इस्त्र्या, बॅटऱ्या त्या दुरुस्त करत. टेबलाशी बसण्याआधी हातातल्या बांगड्या काढून कपाटावर ठेवायच्या आणि केस रुमालात बांधायच्या. घरात काही दारूगोळा नव्हता, पण तसं केल्याशिवाय हात चालत नाही म्हणायच्या. दोन तारा जुळवून डाग द्यायचा तर कुणीतरी तिसरा हात लागतो. तो हात माझा झाला.

"तू बोलू नको, फक्त धर," त्या म्हणायच्या. "बाकीच्या बायका धरतात कमी, बोलतात जास्त. बोलताना हात हलतो. तू लाखाची आहे."

न बोलण्याबद्दल मला आजवर बोलणीच खावी लागली होती. सासरी आले तेव्हा नणंदा म्हणायच्या, वहिनी आणली की भिंतीवरची तसबीर आणली. माझं गप्प राहणं कुणाच्या कामी येईल हे पहिल्यांदा बाईंनी दाखवलं. दुपारची भांडी झाली की मी भिंतीपलीकडे जाऊ लागले.

अशातच बाईंच्या वरच्या खोलीत केतकी भाड्यानं राहायला आली. नाशिकची मुलगी, बँकेत नवी बदली होऊन आलेली. सामानात कपडे कमी आणि एक गिटार. संध्याकाळी ती वाजवायची आणि बाई खाली टेबलाशी बसून ऐकायच्या. एक दिवस ती लोखंडी वीट काखेत मारावी तसा एक डबा घेऊन खाली आली.

"बाई, हे दुरुस्त होतं का बघता? पेडल आहे."

पेडल म्हणजे काय ते आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. केतकीनं सांगितलं ते असं. गिटारचा आवाज वायरीतून स्पीकरकडे जातो. जाताना तो या डब्यातून जातो. डबा पायापाशी ठेवायचा आणि वाजवता वाजवता त्यावरचा खटका पायानं दाबायचा, की आवाजाचं रूप बदलतं. कुठला डबा आवाज घोगरा करतो, कुठला थरथरवतो, कुठला मागं पडसाद लावून देतो. हाताला फुरसत नसते म्हणून पायाचं काम.

बाईंनी आधी डबा कानाशी नेला. मग चार स्क्रू काढले आणि आत पाहून त्यांनी अशी काही नजर वर केली की जणू केतकीनं त्यांना भाताच्या पातेल्यात चमचाभर भात दाखवला.

"हे एवढंसं? आणि त्याच्यासाठी हा बंगला?"

"सगळे असेच असतात बाई."

"सगळे वेडे आहेत मग. अर्ध्याहून जास्त हवा भरून राहिले. वाहून कोण नेते? तूच ना?"

बिघाड लहानसा होता, तो लगेच निघाला. पण बाईंच्या डोक्यात ती हवा शिरून बसली. दोन दिवसांनी त्यांनी पेपरमिंटच्या गोळ्यांची पत्र्याची डबी रिकामी केली, गोळ्या मला दिल्या, आणि केतकीला हाक मारून खाली बोलावलं. "तुझ्या मोबाईलवर त्या घोगऱ्या डब्याचा नकाशा आहे का ग? दाखव बरं."

नकाशातलं इंग्रजी केतकी वाचायची, तारांची वाट बाई शोधायच्या. डब्यात एरवी एक हिरवी पाटी असते आणि तिच्यावर सगळे पुर्जे मांडलेले असतात. बाईंनी पाटीच टाकून दिली. "पाटीची जागा कोण देईल?" पुर्ज्याच्या पायाला पुर्ज्याचा पाय जोडत, खटक्याच्या पोटाखाली, वायर घालायच्या भोकांच्या मधोमध, जिथे मुंगीला वाट काढावी लागेल तिथे त्यांनी सगळं बसवलं. मी चिमट्यानं धरून होते. डब्या पत्र्याच्याच हव्यात, हेही तेव्हाच कळलं. प्लॅस्टिकच्या डबीत घरातल्या विजेची घरघर शिरते आणि आवाजात मिसळते.

पहिली डबी वाजली तेव्हा केतकी जागच्या जागी उडी मारून ओरडली. मग तिनं खटका दाबायला पाय ठेवला, आणि डबी पायाखालून सुळकन सटकून पलंगाखाली गेली. वायर ताणली, गिटार ओढली गेली, केतकी पडता पडता वाचली. इतकी हलकी वस्तू पायाखाली थांबेल कशी, हा विचार आम्हा कुणाच्याच मनात आला नव्हता. बाई पोट धरून हसल्या.

"फॅक्टरीत पायानं चालवायचं काही नव्हतं ग! हे माझ्या ध्यानातच नाही आलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवणाचा जुना पाट काढला, डबी त्यावर पक्की बसवली आणि पाटाखाली रबर ठोकलं. केतकी त्यानंतर जिथे जाईल तिथे गिटारबरोबर तो पाट नेऊ लागली. तिच्या बँकेतले लोक विचारायचे, "मॅडम, खाना खाने बैठोगी क्या?"

हळूहळू पाटावर डब्या वाढल्या. बामची डबी, सुपारीची डबी, कुणाच्या आजोबांची जर्द्याची डबी. बाई प्रत्येकीला नाव द्यायच्या. आवाज घोगरा करणारी 'घसा बसला.' आवाज थरथरवणारी 'हुडहुडी.' आणि सगळ्यांत अवघड, पडसादाची, 'भेडाघाट.' आमच्या शहराजवळच्या भेडाघाटला संगमरवरी कड्यांच्या मधून नाव जाते तेव्हा नावाडी हाळी देतो आणि दगड ती परत देतात, तसा आवाज. या डबीत एक चिप असते आणि तिच्याभोवती इतर डब्यांच्या कितीतरी पट पुर्जे. केतकी म्हणाली, हे लहान डबीत होणारच नाही. बाईंनी ते पेपरमिंटच्या डबीत केलं. किती वेळा उकललं आणि पुन्हा जोडलं ते मी पाहिलं आहे. शेवटी झाकण लागलं तेव्हा बाईंनी ते कानाशी धरून हलवलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पास."

पण त्या तिथे थांबायच्या नाहीत. प्रत्येक डबी वाजवून पाहिली की त्या दोन नळ्यांतला चिकट रस फरशीच्या तुकड्यावर कालवायच्या आणि डबीत काठोकाठ ओतायच्या. त्याला त्या मसालाच म्हणत. रात्रीतून तो दगडासारखा घट्ट व्हायचा.

"बाई, पुढं बिघडली तर उघडायची कशी?" केतकीनं एकदा विचारलं.

"बिघडेल काहून? आत काही हललंच नाही तर बिघडते कसं?"

"तरी पण..."

"हे बघ, माझ्या हातचा माल इतकी वर्षं बाहेर गेला. एक नग परत नाही आला. एक नाही. विचार फॅक्टरीत."

केतकी हसून म्हणाली, "अहो बाई, तो परत येईल कसा? फुटल्यावर कोण आणून देणार?"

ती गमतीनं बोलली. पण बाईंच्या हातातली काडी फरशीवर फिरायची थांबली. मी समोर होते म्हणून मला दिसलं. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा कालवायला घेतलं आणि दुसरंच काही बोलल्या. त्या संध्याकाळी मी निघताना त्या दारात आल्या.

"पोरगी बोलली ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "मी बनवलेलं चालताना मी कधी पाहिलंच नाही ग. प्रूफला, माल उडवून बघायला, दुसरे लोक जायचे. लांबून धमाका ऐकू यायचा, तो माझा का दुसऱ्याचा, कोण सांगेल? खोलीत वाजलं ते प्रूफ झालं. मैदानात चाललं पाहिजे. एकदा तरी डोळ्यांसमोर चाललं पाहिजे."

ती संधी गणपतीत आली. विजय नगरच्या एका हॉलमध्ये मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. भजनं, मुलांचे नाच, आणि मधे केतकीचं गिटार. तिनं भेडाघाटच्या डबीसाठी स्वतः एक तुकडा बसवला होता. एक सूर छेडायचा आणि पडसाद परत येईपर्यंत थांबायचं, मग त्या पडसादावर पुढचा सूर ठेवायचा. डबीच नसेल तर त्या तुकड्यात नुसती थांबलेली जागा उरेल, असा तो होता. बाईंनी नवी साडी काढली आणि माझ्याकडून फॉल लावून घेतला. नेमकं त्याच आठवड्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा, वाकायचं नाही, धुरापाशी जायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. तरी त्या म्हणायच्या, "ऐकायला कुठं डोळे लागतात?"

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी केतकी जिन्यावरून उतरली ती तोंड पाडून. पाटावरून काढलेली भेडाघाटची डबी तिच्या तळहातावर होती.

"बाई, बंद पडली. कालपर्यंत ठीक होती. पण तुम्ही त्रास नका घेऊ. मी दुसरं काही वाजवते."

"दुसरं काही ऐकायला मी काळा चष्मा लावून येऊ का?" बाई म्हणाल्या. "ठेव इथं. तू बँकेत जा."

केतकी गेली. बाईंनी डबी हातात घेतली. सवयीनं कानाशी नेली, हलवली. काहीच आवाज नाही. त्यांच्या हिशेबानं ती अजून पासच होती.

"परत आली," एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी मला टेबलाच्या त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः माझ्या जागी, समोर, पाठ ताठ ठेवून बसल्या. "आज तू माझे डोळे. छिन्नी घे. मसाला फोड."

"मी?"

"नाहीतर कोण? मला वाकता येत नाही. मार."

मी हातोडी मारली. पत्रा चेपला, मसाल्याचा गोळा गुळाच्या खड्यासारखा सुटून आला आणि पुढच्या घावाला त्याचे तुकडे झाले. चिप फुटली. बाईंनी आवाजावरूनच ओळखलं.

"चिप गेली?"

मी मान हलवली. काळ्या चष्म्यातून ते त्यांना दिसलं नसावं.

"बोल ना ग. आज मान हलवून भागणार नाही. भिंगाखाली धर आणि काय दिसून राहिलं ते सांग. सगळं सांग."

मी एकेक तुकडा भिंगाखाली धरला. एका तुकड्यात मला ते दिसलं. मसाल्यात केसासारखी बारीक चीर होती. ती चीर एका तारेवरून आडवी गेली होती आणि तिथेच तार तुटली होती. तुटलेली टोकं काळी पडली होती, म्हणजे हा माझ्या हातोडीचा घाव नव्हता. काय झालं असेल ते मला लगेच कळलं. मसाला घट्ट होताना आखडला असणार आणि आखडताना त्यानं तार ओढली असणार. ज्यानं सांभाळायचं त्यानंच तोडली होती. हे या बाईंना मी कसं सांगू? इतरांपुढे माझे शब्द आत राहतात ते भीतीनं. त्या दिवशी राहिले ते मायेनं.

"काय ग?"

"तार तुटली आहे."

"हातोडीनं?"

"नाही. आधीचीच. टोकं काळी आहेत."

"मग कशानं?"

"मसाल्याला चीर गेली आहे. चिरेबरोबर तार गेली."

बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत गेला.

"म्हणजे माझ्या मसाल्यानं," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले.

त्या 'हो' एवढा जड शब्द मी आयुष्यात उचलला नव्हता. बाईंनी चष्म्याखालून पदरानं गाल टिपला. डोळ्यातल्या औषधाचं पाणी होतं की कसलं, मी विचारलं नाही. मग त्या एकदम हसल्या.

"इतकी वर्षं म्हणत होते, एक नग परत आला नाही. परत येऊच शकत नाही त्याची फुशारकी काय ग? ही पहिली आली. आली म्हणून कळलं तरी." टेबलावर हात आपटून त्या म्हणाल्या, "चलो. दिवस आहे अजून. केतकीनं जास्तीच्या चिपा मागवल्या होत्या, त्या वरच्या खणात आहेत. काढ."

त्या दिवशी मी जेवढी बोलले तेवढी आधीच्या साऱ्या वर्षांत मिळून बोलले नसेन. बाईंना वाट तोंडपाठ होती, पण दिसत नव्हती. मला दिसत होती, पण ठाऊक नव्हती. "लाल-काळ्या पट्ट्यांचा कुठं गेला?" "चिपच्या डाव्या अंगाला." "डावं म्हणजे तुझं का माझं?" "माझं." "त्याचा पाय कुठं टेकला?" "कुठं नाही. हवेत आहे." "मग टेकव ना माय, लटकवून काहून ठेवला?" कावीचा चटका बसला तर मी ओरडायची, त्या रागवायच्या, मग दोघी हसायचो. दुपारी आमचे हे जेवायला आले तर घरात मी नाही. भिंतीपलीकडून माझा आवाज ऐकून ते बाईंच्या दारात येऊन उभे राहिले. कोण बोलून राहिलं म्हणून बघायला आलो, म्हणाले.

सगळं जुळलं तेव्हा डबी नव्हती. पेपरमिंटची चेपली होती. कपाटातल्या बाकीच्या बाईंनी चाचपून पाहिल्या आणि बाजूला सारल्या. आजवर त्या डबी शोधायच्या ती माल जेमतेम मावेल अशी. त्या दिवशी काय हवं होतं ते त्यांना सांगता येत नव्हतं.

"तुझी हुकांची डबी आण," त्या अखेर म्हणाल्या.

"ती तर मोठी आहे. जागा राहील."

"राहू दे थोडी. बोट शिरलं पाहिजे आत."

मी हुकं आणि बटणं वाटीत ओतली आणि आईची डबी आणली. बाईंनी खटक्यासाठी झाकणावर बोटानं खूण केली. मी झाकण फिरवून पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की खटका झाकणावर बसवला तर झाकण फिरवताना आतल्या तारा पिळल्या जातील.

"बाई," मी म्हणाले, "डबी पालथी घालू या. बूड वर, झाकण खाली. खटका बुडावर बसेल. तारांना न पिळता झाकण उघडेल."

विचारल्याशिवाय मी कुणाला सांगितलेलं ते पहिलंच काही असावं. बाईंनी चष्म्याआडून माझ्याकडे बघितलं. "हे बघा," त्या म्हणाल्या, "मुकी नव्हतीच. आत गच्च भरलेली होती, म्हणून वाजत नव्हती."

पितळेत भोकं त्यांनीच पाडली, न वाकता, अंदाजानं, हातड्रिलनं. बसवताना पुर्ज्यांच्या भोवती आणि खाली मी फॉलच्या सुती कापडाच्या घड्या दिल्या, म्हणजे काही एकमेकांना टेकू नये. दोन नळ्या टेबलावरच होत्या. बाईंचा हात सवयीनं तिकडे गेला, नळीवर थांबला, आणि त्यांनी ती खणात टाकून खण लावून घेतला. मी झाकण फिरवलं. संध्याकाळी केतकी आली, वायर जोडली, खटका दाबला. एक सूर गेला आणि परत आला.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये बाई पहिल्या रांगेत बसल्या, मी शेजारी. केतकीनं पाट पायाशी ठेवला तेव्हा मागं खसखस पिकली. तिनं सूर छेडला आणि थांबली. मग तो सूर परत आला, त्याच्यामागून आणखी हलका होऊन पुन्हा आला, आणि तिनं त्यावर पुढचा ठेवला. बाईंनी मान एका बाजूला कलती केली होती, कानाशी डबी धरावी तशी. सबंध तुकडा संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. टाळ्या झाल्या तेव्हा मागच्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "काय वाजवलं राम जाणे, पण नावेत बसल्यासारखं वाटून राहिलं होतं."

बाईंनी माझा हात धरला. त्यांची बोटं गार पडली होती.

"चाललं ग," त्या म्हणाल्या. "मैदानात चाललं. आणि उद्या पुन्हा चालेल."

त्यानंतर त्यांनी जुन्या सगळ्या डब्या पुन्हा बनवायला घेतल्या, उघडता येतील अशा. डोळे बरे झाले तरी मला त्या खुर्चीवरून उठवलं नाही. त्या समोर बसायच्या आणि म्हणायच्या, "बोल." केतकीची बदली झाली तेव्हा तिनं पाट कपड्यात गुंडाळला आणि बाईंच्या पाया पडली. बाईंनी तिला आशीर्वाद दिला तो असा, "बिघडू दे, परत येऊ दे. बिघडलं की पाठव, लाजू नको."

बाई गेल्या वर्षी गेल्या, थंडीत, झोपेत. आदल्या दिवशी त्यांनी आमच्याकडे येऊन माझी तिखटमिठाची बरणी हलवली होती. मुलगा बंगलोरहून आला. सगळं झाल्यावर तो भिंग, कावी, चिमटे आणि रिकाम्या डब्यांची पिशवी घेऊन माझ्या दारात उभा राहिला. "आई म्हणायची, टेबलासकट हे सगळं तुमच्या बाजूचं आहे," म्हणाला. आता मशीनशेजारी ते टेबल आहे. कॉलनीतल्या इस्त्र्या माझ्याकडे येतात. काय बिघडलं ते विचारावं लागतं, म्हणून मी विचारते.

मागच्या महिन्यात नाशिकहून एक पार्सल आलं. आत आईची पितळी डबी. पाठोपाठ केतकीचा फोन आला. "ताई, मधेच आवाज जातो. बघता का?" मी फोन कानाशी धरूनच झाकण फिरवलं. फॉलचं कापड थोडं पिवळं पडलं होतं. आत एक पाय सुटून हवेत लटकत होता. तो कुठला, कुठून सुटला आणि मी काय करते आहे, ते मी तिला डाग देता देता सगळं सांगितलं. ती पलीकडून म्हणाली, "ताई, तुम्ही अगदी बाईंसारख्या बोलता."

डबी त्याच दुपारी नीट झाली. पार्सल करायला काही वेळ लागला नसता. पण मी ती चार दिवस ठेवून घेतली, बाईंच्या भिंतीला लागून आहे त्या फळीवर. केतकीचा पुन्हा फोन आला तेव्हा सांगितलं, थोडं काम बाकी आहे. काम काहीच नव्हतं. बाईंच्या हातचं परत आलं होतं. ते आल्या पावली कसं पाठवू?